आग्रहाचे वाल

मालिनीताईंच्या पंगतीला बसलेला माणूस कधी सुखाने उठला नाही. "पुरे" म्हणणाऱ्याच्या पानात भाताचा आणखी एक डाव पडायचाच. नवरा श्यामराव मिरजोळ्याला कारखान्यात कारकून. त्यांचा डबा उघडायला शेजारच्या टेबलावरचे दोघे टपून असत, कारण तो तिघांना पुरायचा. स्वभावच तसा. पण हा स्वभाव शेतात घेऊन जायचं काय कारण होतं?

२००३ साली लांज्याला सेंद्रिय शेतीचं तीन दिवसांचं शिबिर झालं. बाई वही घेऊन गेल्या. वाल, चवळी, कुळीथ या पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतलं नत्र ओढून घेतात, म्हणून त्यांना खत बेतानं द्यावं, हे शिबिरातल्या सरांनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. बाईंनी चित्र सुबक उतरवून घेतलं आणि विश्वास शून्य ठेवला. हवेवर कुणाचं पोट भरतं का?

भातकापणीनंतर त्यांनी मळ्यात आईचे कडवे वाल पेरले. माहेरच्या शेतात भावाने आंब्याची कलमं लावली होती, म्हणून हे बारीक, तांबूस वाल आता एकट्या मालिनीताईंकडे उरले होते. जेमतेम दोन शेर. ठेवलेल्या बियाला भुंगा लागतो म्हणून दरवर्षी सगळं पेरायचं आणि नवं धरायचं, ही आईची रीत.

त्या वर्षी वालांचा थाट विचारू नका. आधी कुजलेलं शेणखत. मग किनाऱ्यावरच्या मुसाभाईंकडून सुक्या मासळीचं खत, टेम्पो भरून. शिवाय दर आठवड्याला शेण-गोमूत्राचं पाणी. शेजारची गोदाकाकी बांधावर उभी राहून बघायची.

"वालाला एवढं कशाला घालतेस गो? चुलीतली राख टाक नि गप ऱ्हा."

"काकी, उपाशी ठेवून शेंगा मागायच्या, हे मला जमत नाही."

वाल माजले. कमरेएवढे झाले, पानं तळहातापेक्षा रुंद, हिरवीगार. फुलं मात्र नाहीत. पौष गेला, माघ संपत आला. गोदाकाकीचे राखेवर वाढलेले किडमिडे वाल शेंगांनी लगडले आणि इकडे नुसता पाला. मालिनीताईंनी एक रोप उपटून पाहिलं. मुळावर गाठीच नव्हत्या. आयतं मिळत असताना मुळं तरी कशाला खपतील? बाईंनी रोप बांधावर आपटलं आणि पुढचे आठ दिवस घरात भांडी आदळली. चिडायचं कुणावर, हेच कळत नव्हतं. ज्याच्यावर चिडायचं तो माणूस आरशात होता.

पलीकडच्या कडेला, जिथे खताची पाटी न्यायचा कंटाळा केला होता, तिथे सात वेल होते. त्यांना शेंगा धरल्या. बाई रोज जाऊन मोजायच्या. वाळल्या की मूठ-दोन मूठ बी होईल, आईचे वाल टिकतील. कुणाला बोलल्या मात्र नाहीत. आपली फजिती स्वतःच्या तोंडाने कोण सांगणार?

मग दोन दिवस रत्नागिरीला लेकीकडे जावं लागलं. परत आल्या तर श्यामरावांनी पान मांडलेलं. भात, आणि ओल्या वालांची उसळ.

"वर्षभर राबलीस, तुझ्या तोंडाला चार दाणे तरी लागायला हवेत," ते म्हणाले. "कडेच्या वेलांवर होत्या तेवढ्या सगळ्या काढल्या. आणखी वाढू?"

मालिनीताईंच्या ओठांवर शिव्या आल्या, पण द्यायच्या कशा? माणूस इतक्या मायेने समोर बसला होता. त्यांनी घास घेतला. चव आईच्याच वालांची होती.

जेवण झाल्यावर त्या मागच्या दारी गेल्या आणि खताच्या खड्ड्यात टाकलेल्या शेंगांच्या सालांचा ढीग उकरत बसल्या, एकेक साल उघडून. श्यामरावांनी काम नेहमीसारखं नीट केलं होतं. एकाही सालात दाणा राहिला नव्हता.