गिअरबॉक्सचं माप

तीर्थपुरीच्या बाजाराबाहेर, लिंबाच्या झाडाखाली आमची जीप बंद पडली तेव्हा मला नोकरीत चौथं वर्ष चालू होतं आणि मी अजून टेंपररीच होतो. दुष्काळी कामांवर साहेबांना फिरवायला खात्यानं ती घेतली होती. मिलिटरीतून निघालेली, चारही चाकांनी ओढणारी. नदीच्या वाळूत घातली तरी कण्हत-कुथत बाहेर यायची. त्या दिवशी मात्र खाडकन आवाज झाला आणि गिअरबॉक्समधला मुख्य दांडा तुटला.

ऑफिसातल्या क्लार्कनं मला आधीच समजावून ठेवलं होतं, माझी जागा त्या जीपवर आहे. जीप भंगारात गेली की जागा गेली. आमच्या घराण्यात सरकारी पगार घेणारा मी पहिला. त्यामुळे त्या लोखंडाच्या डब्यावर माझा जितका जीव होता, तितकाच रागही होता.

साहेबांनी निरोप धाडला की दुसरा गिअरबॉक्स शोधा, खरेदीची चिठ्ठी देतो, पण तुटलेला दांडा गाडीपाशीच ठेवा, मी येऊन पाहणार. आणि ड्रायव्हरनं गाडी सोडून हलायचं नाही. सोडली असती तर चाकं दुसऱ्या दिवशी दिसली नसती, हे खरंच होतं. तेव्हा मी हललो नाही. हॉटेलाच्या नळावर अंघोळ, सीटवर झोप, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एकच प्रश्न, "का हो ड्रायव्हर, अजून इथंच?" बैलाला निदान संध्याकाळी दाव्यावरून सोडून पाणी दाखवतात. माझे असे वीस दिवस गेले. बसच्या टपावर बसलेली शेरडं पाहूनसुद्धा मला हेवा वाटायचा.

तिथला मिस्त्री भला माणूस, पण अतिशहाणा. तो म्हणाला, "दांडा हलवायचा न्हाई ना? मंग छाप घेऊ." त्यानं शेतातली काळी माती कालवली, तिच्यात दांड्याचं दातेरी टोक दाबलं, गोळा उन्हात वाळवला आणि फडक्यात बांधून जालन्याला गेला. मस्तगडच्या पलीकडं जुन्या गाड्यांचा माल विकणारे बसायचे. तिथून गिअरबॉक्स आणला. इंजिनाला बराबर बसला. पण मागं, पुढच्या चाकांना ताकद देणारा जो धाकटा डबा असतो, त्यात दांडा खुळखुळायला लागला. बारीक होता.

काळी माती वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला कळतं. आम्ही दोघं त्याच मातीत वाढलेले आणि तिच्यावरच माप घेऊन बसलो! मिस्त्री हसत सुटला. मला हसू आलं नाही. दोनच दिवसांनी साहेब येणार होते.

त्याच सकाळी वडील आमच्या गावाहून, अंतरवालीहून चालत आले, भाकरी घेऊन. दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो दांडाच घेऊन जा. म्या बसतो गाडीपाशी."

"साहेब आले तर?"

"आले तर आले. तू जल्दी जा."

दांडा धोतरात गुंडाळून मी पहिली बस पकडली. भंगारातल्या एकेका गिअरबॉक्सशी तो ताडून पाहिला. एकाचे दात जास्त, एकाची लांबी कमी. दुपार टळल्यावर एक सापडला, दातास दात. बसच्या टपावर स्वतःच्या हातानं बांधला आणि दिवे लागायच्या आत परत आलो.

वडील चाकाला टेकून जमिनीवर बसले होते. साहेब दोन दिवस आधीच येऊन गेले होते.

"काय म्हणाले?"

"तू लोहाराकडं गेलाय म्हणून सांगितलं. उद्या दुपारी येतो म्हणले." मग जरा थांबून, "तू कोण त्याचा, असं इचारलं. म्या म्हणलो, कोणी न्हाई. रस्त्यानं जाऊन राह्यल्तो, त्यानं बसवलं."

सरकारी गाडी घरच्यांच्या हवाली केली असं एकदा कागदावर चढलं असतं, तर टेंपररी माणसाला कोण ठेवणार? वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि त्या लाजेखाली सुटल्यासारखंही वाटलं. ते आजही खुपतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गिअरबॉक्स चढवला. गाडी सुरू झालेली ऐकली आणि वडील उठून गावच्या रस्त्याला लागले. दुपारी साहेब आले. पुढच्या चाकांनाही ताकद देऊन गाडी वाळूत घालायला लावली. गाडी निघाली. "ठीक आहे. ठेवू हिला आणि तुलापण," असं म्हणून ते शेजारी बसले आणि अंबडकडं घ्यायला सांगितलं.

वाटेत वडील दिसले. मी गाडी पुढं काढणारच होतो.

"अरे, कालचा म्हातारा तो. थांबव, घे त्याला मागं."

थांबवावं लागलं. वडील मागं चढले, फळीच्या अगदी कडेला बसले. चार वर्षांत मी त्यांना कधी गाडीत बसवलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "बाबा, कुठलं गाव? पोरंबाळं किती?"

"एक पोरगं हाय साहेब. नोकरीला हाय."

"भेटायला येतो का?"

"येतो की. कामात असतो."

मी आरशात पाहिलं नाही. अंतरवालीचा फाटा आला, गाडी थांबवली. वडील उतरले, साहेबांना जय भीम घातला, मग माझ्या बाजूला आले.

"लई उपकार झाले, ड्रायव्हरसाहेब," म्हणाले.

"चला, उशीर होतोय," साहेब म्हणाले, आणि मी गिअर टाकला.