कालच्या भागात

आमच्या समोरच्या मावशींच्या पोटात एकही गोष्ट राहत नाही, आणि तरीही त्यांनी आजवर कुणाचं गुपित फोडलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या कशा, असं तुम्हाला वाटेल. उत्तर सोपं आहे. मावशी मालिका बघतात. निदान बघतात असं म्हणतात.

रोज दुपारी चारच्या सुमाराला नांदेडातल्या आमच्या गल्लीत, मावशींच्या ओट्यावर आम्ही पाचसहा बायका जमतो. कुणी अंबाडी निवडतं, कुणी शेंगा फोडतं. मालिकेच्या वेळेला इतरांच्या घरी नवऱ्यांच्या हातात रिमोट असतो आणि बातम्या लागलेल्या असतात, त्यामुळे काल काय झालं ते मावशींकडून ऐकायचं, हा शिरस्ताच पडलाय. मावशी पदर सावरतात, पाणी पितात, आणि "कालच्या भागात लई भयंकर झालं" असं म्हणून सुरुवात करतात. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. माझा टीव्ही दिवसभर चालू असतो आणि ती मालिका मी एकही भाग न चुकवता बघते. म्हणून सांगते, मावशी जे सांगतात त्यातलं निम्मंशिम्मं त्या मालिकेत घडलेलंच नसतं.

घडलेलं असतं आमच्या गल्लीत. मावशींचा स्वभाव ऐकून घेण्याचा, त्यामुळे जी ती त्यांच्यापाशी मन मोकळं करते आणि वर "कुणाला सांगू नका" अशी आण घालते. मावशी गळ्याला हात लावून शब्द देतात आणि तो पाळतातही. नाव, गाव, घर नंबर कधी त्यांच्या तोंडून निघत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मालिकेला एक नवं वळण लागतं. एकदा कोपऱ्यावरच्या दोघा भावांची पाण्याच्या टाकीवरून जुंपली आणि धाकट्यानं पोलिसात जायची धमकी दिली. मावशींच्या मालिकेत लगेच दोन भाऊ टाकीवरून भांडले. आता त्या मालिकेतल्या बंगल्यात छताला झुंबर आहे, सुना झोपतानाही दागिने घालून झोपतात. तिथं नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि मोठी सून पहाटे उठून घागरी भरते, हे ओट्यावर कुणालाही खटकलं नाही. ती मोठी सून धाकट्याला म्हणते काय, तर "भाऊजी, लई झालं आता, तुमची नळी येगळी टाका." त्या भावांच्या घरची थोरली तिथंच बसली होती. तिनं शेंगा फोडता फोडता मान खाली घातली, आणि दोन दिवसांत त्यांच्या टाकीला दुसरी नळी बसली.

सुरुवातीला मी खुळ्यासारखी मध्ये बोलायची. "मावशी, काल असं काही झालंच न्हाई." मावशी शांतपणे म्हणायच्या, "तुझी लाईट गेली असंल." मग मी गप्प बसायला शिकले. मजा अशी, की जिची गोष्ट तिला ती बरोबर ओळखू यायची, पण "ही तर माझीच गोष्ट" असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हणणं म्हणजे आपलं गुपित आपणच फोडणं. त्यामुळे प्रत्येकीला वाटे, मालिकेत आपलंच तेवढं आलं, बाकी सगळं खरं. पूर्ण हिशोब एकट्या माझ्याकडे होता आणि मला त्याचा जरा माजही होता, खोटं कशाला बोलू.

मावशींच्या स्वतःच्या घरचं मात्र मालिकेत कधी आलं नव्हतं. त्यांचे यजमान किनवटकडे आश्रमशाळेत नोकरीला होते. त्यांनीच हे तीन खोल्यांचं घर बांधलं आणि ते वारल्यावर मावशी एकट्याच त्यात राहतात. सकाळी वंदना, पौर्णिमेला विहार, दुपारी ओटा. मुलगा पुण्याला. सहा वर्षांची एक नात आहे, ती सुट्टीत आली की ओटा तिच्या ताब्यात असतो आणि मालिकाही. तिच्या हुकमावरून मावशींच्या मालिकेत एकदा खलनायिकेला माकड चावलं होतं.

यंदा संक्रांत झाली आणि मुलगा दोन दिवसांसाठी एकटाच येऊन गेला. नंतरच्या दुपारी मावशी पाणी प्यायल्या आणि त्यांनी सांगितलं, कालच्या भागात एका म्हातारीचा मुलगा कागद घेऊन आला. घर विकायचं, त्याला शहरात फ्लॅट घ्यायचाय, आईनं तिथं हॉलमध्ये राहायचं. म्हातारी म्हणाली, माझ्या माणसाचं घर हाय, मी जिवंत हाय तोवर राहू दे. तर मुलगा म्हणाला, सही करणार नसलीस तर नातीचं तोंड बघायचं न्हाई.

त्या आठवड्यात मालिकेतली नायिका दवाखान्यात बेशुद्ध होती. मालिकेत म्हातारीच नव्हती. मला एका क्षणात सगळं कळलं.

ओटा पेटून उठला. सही करूच नये, केली तर म्हातारीला उद्या कुत्रं विचारणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी म्हणाले, "सही करायची न्हाई म्हणावं तिला. पोरं धमक्या देतेत अन् चार दिवसांत विसरतेत." मला ठाऊक होतं मी कुणाला सांगून राहिले ते. दुसऱ्या दिवशी मावशींनी सांगितलं, म्हातारीनं कागद परत पाठवला. बायकांना इतका आनंद झाला की एकीनं घरून सगळ्यांसाठी चहा करून आणला.

मुलगा विसरला नाही. उन्हाळ्याची सुट्टी आली तशी गेली, ओट्यावर नात दिसली नाही. मावशींनी विचारणाऱ्यांना सांगितलं, तिचे क्लास असतेत. मधूनच एखादी आठवण काढायची, त्या म्हातारीचं पुढं काय झालं हो, नात भेटली का? मावशी म्हणायच्या, "अजून न्हाई. लई लांबवून राहिलेत." बायका मालिकावाल्यांना शिव्या घालायच्या. मी अंबाडीत डोकं घालून बसायची.

परवा दिवाळीची सुट्टी लागली. बाकीच्या फराळाच्या गडबडीत, ओट्यावर मी आणि मावशी दोघीच. गल्लीत कुणाकुणाच्या माहेरवाशिणींची पोरं ओरडत पळत होती. मावशी त्या दिवशी पाणी प्यायल्या नाहीत, त्यांनी पदरही सावरला नाही. म्हणाल्या, "तू रोज बघतीस ना ती मालिका?"

"हाव मावशी."

"मग तवा म्हणालीस, पोरगं चार दिवसांत विसरतंय. ते कुठं बघून म्हणालीस का तसंच?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना ओळखून आहे. त्याही मला ओळखून होत्या. मी म्हटलं, "तसंच म्हणले, मावशी. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? सही तर मी कुणी सांगूनबी केली नसती." त्यांनी भाजीची एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. "पण नातीला बघून वरीस होत आलं. माझ्या नातीला. हे एकदा कुणाला तरी माझ्या नावानं सांगायचं होतं."

भाजी तशीच ठेवून मी त्यांच्याजवळ सरकून बसले, आणि त्या रडत होत्या तोवर बसून राहिले.