बहिणीची किडनी आणि भावाचा आकडा

"पुरुषी हार्मोनच्या तपासणीवाला कोण आहे? आत या!"

मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात, भर बाजाराच्या दिवशी, दारात उभा राहून मी असा ओरडलो. रांगेतला एकही पुरुष हलला नाही. उलट दोघातिघांचा ताप तिथल्या तिथे उतरला आणि ते घरी गेले. शेवटी एक तरुण उठला, कान लालबुंद. सोबत त्याची मोठी बहीण. रोग्याची गुप्तता या विषयात मला कॉलेजात उत्तम गुण होते.

तरुण म्हणजे किन्हीराजा गावचा प्रल्हाद, शाळामास्तर. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा या द्वारकाताईनं आपली एक दिली. दक्षिणेतल्या मोठ्या इस्पितळात ती बसवली. सत्तरच्या दशकात आमच्याकडे हे चंद्रावर जाऊन येण्यासारखंच होतं. आता तिथले डॉक्टर विचारत होते, किडनी चालते, पण पुरुषी हार्मोन परत आलं का? किडनी बिघडली की हे हार्मोन घटतं. नवी लागू पडली की बहुधा हळूहळू सुधारतं. एवढंच शास्त्र.

माझी आरोळी मात्र एस.टी.त बसून मेडशीला पोचली. तिथली मुलगी प्रल्हादला ठरली होती. तिचे मामा तडक दवाखान्यात हजर.

"डॉक्टरसाब, बाईची किडनी बसोली म्हन्ते. मंग पोरगा मर्द राह्यला का नाही? पक्कं सांगा, नाही तं सोयरीक मोडली समजा."

प्रल्हाद जमीन न्याहाळत होता. द्वारकाताईच बोलली. "मामा, किडनी हाये ते. मूत गाळते. लुगडं नाही नेसत."

"तुमी मधात नका बोलू, बाई."

"करून टाका साहेब," प्रल्हाद म्हणाला. "काय निघन ते याईच्या समोरच सांगा."

रक्त सकाळीच घ्यायचं असतं. हे हार्मोन सकाळी जोरात असतं आणि दुपारनंतर उतरतं, सरकारी नोकरासारखं. मग रक्तातलं वरचं पिवळं पाणी काढून, बर्फात ठेवून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. बर्फ गारेगारवाल्याकडून आणला. प्रयोगशाळेची आणखी एक अट होती, तुलनेसाठी एका धडधाकट पुरुषाचं रक्तही हवं. कंपाउंडर म्हणाला, "मले सुईचं भेव वाटते." चपराशी अचानक रजेवर गेला. उरलो मी. छाती फुगवून दंड पुढे केला.

थर्मास मांडीवर घेऊन द्वारकाताई अकोल्याच्या गाडीत बसली. तिथून ओळखीच्या एका औषधविक्रेत्यानं तो मुंबईला नेला.

रिपोर्ट आला. मामा, प्रल्हाद, द्वारकाताई, सगळे समोर. प्रल्हादचा आकडा ठणठणीत. मामांनी कागदावर बोट ठेवलं.

"आन हा खालचा कोनाचा? लय कमी दिसून राह्यला."

"तो... धडधाकट पुरुषाचा."

"लगन झालं का त्याचं?"

"झालंय."

"बिचारी," मामा म्हणाले. प्रल्हाद पहिल्यांदाच हसला.

लग्न ठरल्या तिथीला झालं. मी आणि बायको, दोघंही जेवायला गेलो. द्वारकाताई एक हात कमरेला लावून, वाकून वाढत होती. मामा मांडवभर सांगत होते, "पोरगा मुंबईहून पास होऊन आला हाये!"

या प्रकरणातून मी एवढंच शिकलो की तपासणी मुंबईला होते, निकाल मेडशीला लागतो आणि तुलनेसाठी स्वतःचं रक्त कधी देऊ नये.

घरी परतताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं, माझ्या आकड्यासकट. वाटलं, निदान हसेल. ती हसली नाही.

"त्याचा आकडा कळला, तुमचाही कळला," ती म्हणाली. "जिची किडनी काढली, ती दर खेपेला तुमच्या बाकावर बसली होती. एका किडनीवर आता तिचं बी.पी. किती, ते सांगा."