शुक्रवारी विचारायला येणारा माणूस

यादोरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा दिघोरीच्या तलावावरचे सगळे बगळे उडाले आणि माझ्या भाड्याच्या खोलीच्या छपरावरची सहा कवेलू खाली आली. कारण इतकंच, की यादोरावांनी मला बाहेरून हाक मारली होती. दार उघडलं तर समोर माझ्या छातीला लागेल एवढा, धोतरातला माणूस. एवढ्याशा देहात राइस मिलचा भोंगा कुठे बसवला असेल, याचाच मी विचार करत राहिलो.

“गुरुजी, काल भजनाले काहून नाही आले?”

मी आदल्या दुपारीच शाळेवर रुजू व्हायला गावात उतरलो होतो. भजन असतं हेही मला ठाऊक नव्हतं. हे कारण त्यांनी ऐकून घेतलं, आत डोकावून स्टोव्ह पेटलाय ना ते पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि पहिली खेप माफ करून निघून गेले.

मारुतीच्या मंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी भजन व्हायचं. तीसेक माणसं, एक पेटी, सात खंजिऱ्या. यादोराव ना पुजारी ना महाराज. दोन एकर धानाचे शेतकरी. गळा असा, की ते गायला लागले की मारुतीला पुन्हा लंकेला जावंसं वाटावं. पण गुरुवारी जो आला नाही, त्याच्या दारात शुक्रवारी सकाळी यादोराव हजर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर चिखल तुडवत त्याच्या शेतातल्या बांधीत जाऊन विचारायचे. लोक वैतागायचे. त्यांच्या बायकोचं, सुशीलाबाईंचं म्हणणं होतं की यांना देवापेक्षा गैरहजर माणूसच जास्त आवडतो. मग यादोराव गोदावरीबाईंचा दाखला द्यायचे. एकट्या राहणाऱ्या गोदावरीबाई पाय मोडून न्हाणीत पडल्या होत्या. शुक्रवारी यादोराव विचारायला गेले म्हणून सापडल्या. दिघोरीतल्या अकरा वर्षांत हा दाखला मी किमान चारशे वेळा ऐकला. दरवेळी पाय आणखी एका जागी मोडलेला असे.

पुढे माझी साकोलीला बदली झाली. पहिल्याच शुक्रवारी सकाळी एसटीने येऊन ते दारात उभे. मी म्हटलं, भाऊ, माझी बदली झाली.

“म्हून का साकोलीत गुरुवार येत नाही?”

पिशवीतून लाखोळीची डाळ काढून ठेवली, चहा घेतला आणि परतीच्या गाडीने गेले. पुन्हा आले नाहीत. पण शुक्रवारी सकाळी दार वाजलं की मी अजूनही आधी कारण शोधतो, मग दार उघडतो. दूधवाला असतो. मी काल कुठे होतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

तिकडे दिघोरीत भजनाचं मंडळ हळूहळू आटलं. पोरं नागपूर-पुण्याला गेली, उरलेल्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला. यायचं नसेल तर ग्रुपवर जोडलेले हात टाकायचे, की झालं. यादोरावांचा फोन साधा, बटणांचा.

गेल्या जानेवारीत तापाने त्यांचाच गुरुवार चुकला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सुशीलाबाईंनी मला फोनवर सांगितलं ते असं : शुक्रवारी सकाळी अंगात ताप असताना ते धुतलेला सदरा घालून अंगणात खाटेवर बसले. दोन कप चहा जास्तीचा ठेवायला लावला. कोणीतरी विचारायला येईलच, म्हणाले. ऊन चढलं तशी खाट सावलीत ओढली, पण फाटक दिसेल अशीच. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. ग्रुपवर मात्र त्यांच्या तापाची बातमी पोचली होती आणि चौदा जणांनी हात जोडले होते.

“एकदा येऊन जा ना, गुरुजी,” त्या म्हणाल्या.

मी लगेच हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात शाळेची तपासणी निघाली, दुसऱ्यात मेहुण्याचं लग्न. तिसऱ्यात काहीच नव्हतं, तरी गेलो नाही. चौथ्या शुक्रवारी गेलो. खाट अंगणातच होती. फाटकातूनच, जमेल तेवढा आवाज चढवून मी विचारलं, “भाऊ, काल भजनाले काहून नाही आले?”

त्यांनी खाटेवर सरकून मला जागा केली.

“कोनत्या गुरुवारचं विचारून राहिले, गुरुजी?”

ताप तीन दिवसांतच उतरला होता. पण कोणी विचारायला आलं नाही, म्हणून ते पुढच्या गुरुवारी गेले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही.

त्यांनी चहा ठेवायला सांगितला. माझी, बायकोची, शाळेची चौकशी केली. गोदावरीबाईंचा विषय काढला नाही.

होळीच्या आत मंडळ बंद पडलं. पेटी ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली आहे.