डोळे उघडलेला माल

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, पेणजवळच्या जोह्यातील माझ्या थोरल्या बहिणीच्या गणपती कारखान्यात गतवर्षी जागतिक दर्जाची मंदी येऊन गेली. कृपया दोन मिनिटं शांतता पाळावी. बहिणीनं ती पाळली नाही, म्हणून तर मला सांगण्यासारखं काही मिळालं.

सुरुवात एका वाक्यानं झाली : यंदा माल कमी पडणार. कोण म्हणालं? पेणच्या बाजारात कुणीतरी. ते वाक्य एसटीनं जोह्याला पोचेपर्यंत त्यात दोन बडे व्यापारी आणि एक परदेशी ऑर्डर शिरली होती. मी जन्मभर गोष्टी लिहितोय, पण इतकी खपाऊ गोष्ट मला कधी जमली नाही. ज्यानं ऐकली त्यानं भाव चढवला, आणि चढलेला भाव बघून पुढच्याला गोष्ट खरी वाटली.

आता बहिणीच्या घरची रीत. डोळ्यांची आखणी झाली की मूर्ती माती राहत नाही. तिच्या तोंडावर प्लॅस्टिक गुंडाळून ती पुढच्या वर्षाला ठेवायची नाही. एक तर ती पाटावर बसणार, नाहीतर पाण्यात जाणार. म्हणून शहाणी माणसं गिऱ्हाईक दारात आल्याशिवाय डोळ्यांना हात लावत नाहीत. बहिणीनं त्या गोष्टीवर विसंबून झाडून सगळ्या मूर्तींचे डोळे आखून टाकले.

आणि गोष्टीचा फुगा फुटला. व्यापारी आले नाहीत, भाव धाडकन खाली. शेजारच्या शेडमध्ये तिचा दीर आपल्या बिनडोळ्यांच्या मूर्ती मजेत गुंडाळत होता. हा माल गेला नाही तर उधारी फेडायला वहिनीची शेड आपल्याकडे येणार आणि ती आपल्याकडे रोजावर रंगाला बसणार, हे त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं.

"काय गो वहिनी, तुझं देव अजून जागंच हायत?"

"तुझ्यासारख्यावर नजर ठेवाय नको का कुणी?"

अशात सणाला तिचा जावई आला. रोह्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "आई, किंमत वस्तूत नसतेच, ती अपेक्षेत असते. अपेक्षा कोसळली, एवढंच."

"मग जावईबापू, रंग काय मी अपेक्षेच्या दुकानातून आनला व्हता?"

मी मधे पडलो. म्हटलं, हा प्रांत माझा. मंदी म्हणजे गोष्टीचं शेवटचं प्रकरण.

"मामा, तुमच्या गोष्टीत पात्रं बुडतात," तो म्हणाला, "इथं वाचक बुडतो."

वाक्य फार चांगलं होतं. त्या क्षणापासून तो माणूस मला जास्तच नावडू लागला.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी रोह्याचा एक दुकानदार टेम्पो घेऊन उगवला. भाव आणखी पडेल म्हणून तो इतके दिवस दबा धरून बसला होता, आणि आज महामार्गावर खांब गावापाशी ट्रॅफिकमध्ये अडकला होता. सगळ्या मूर्तींवरून नजर फिरवून त्यानं जो आकडा सांगितला, त्यात नुसती मातीसुद्धा आली नसती. जावयानं मान डोलावली. सिद्धांताप्रमाणे आकडा बरोबर होता म्हणे! दीर कुंपणाला टेकून तमाशा बघत होता.

पण दुकानदाराचा फोन थांबेना. रोह्यात त्याच्या दुकानासमोर गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. दिराकडचा माल हवा तर आधी डोळे आखायला हवेत, आणि तेवढा वेळ आता कुणाकडेच नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकतो. टेम्पो भरून गेला, तोही नेहमीच्या वर्षीच्या भावानं. उरलेल्या मूर्ती आम्ही धरमतरच्या खाडीत सोडल्या. शेड तिचीच राहिली. दीर दिवाळीला आला नाही, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे. हे घडलं ते अर्थशास्त्रामुळे की कथानकामुळे, यावर जावई आणि मी अजून प्रत्येक जेवणात भांडतो. त्या दुपारी मात्र आम्ही दोघंही नुसत्या बघ्यांत जमा होतो. दुकानदार शेवटचा डाव टाकत म्हणाला, "मावशी, उद्या दुपारनंतर यांना कुत्रं विचारणार नाय!"

बहिणीच्या तोंडून एकदम निघून गेलं, "मग उद्याच ये ना, मेल्या!"