मामांनी प्यालेलं पाणी

आमच्या भोर संस्थानात सभेच्या निवडणुका होऊ लागल्या, तेव्हा माझे मामा जुन्यांच्या पक्षाकडून उभे राहत आणि आरामात निवडून येत. पक्षाचं म्हणणं सोपं होतं: चालत आलंय ते चालू द्यावं. तिसऱ्या खेपेला मात्र समोर एक तरुण वकील आला. तो वेठबिगार बंद करू म्हणत होता आणि वाटेत लागेल त्या घरी भाकरी खात होता. खाऊन खाऊन त्याचं पोट बिघडलं, तर वेल्ह्याच्या बायकांनी त्याला ओवा पाठवला. ते ऐकून मामा पहिल्यांदा घाबरले आणि भर वैशाखात प्रचाराला निघाले. मी पंचविशीतला रिकामटेकडा भाचा. माझ्याकडे एकच काम, मामांच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या सांभाळायचा. सोवळ्यामुळे मामा खेड्यात कुणाच्या घरचं पाणी घेत नसत.

गुंजवण्यात लोकांनी घोंगडं अंथरलं. एका म्हातारीनं गूळपाणी पुढं केलं.

"तहान नाही, आजीबाई," मामा म्हणाले. नाकावरून घाम ठिबकत होता.

भाषण आटोपून ते आंब्याआड गेले आणि आमच्या तांब्यातून घटाघटा प्याले. पलीकडे म्हातारीचा नवरा बैल बांधत होता.

"लागली की तहान, मालक," तो शांतपणे म्हणाला. "आमचं पानी चालत न्हाई, मंग मत कसं चालंल?"

मामांनी तांब्या माझ्या हाती दिला. पुढच्या दोन गावांत ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. लोक रामराम करत, पण घोंगडं कुणी अंथरेना.

वरच्या वाडीला पोचेपर्यंत तांब्या रिकामा झाला. खरं सांगायचं तर निम्मा मीच रिकामा केला होता. तिथं एका बाईनं घागरीतलं तांब्याभर पाणी आणलं. मामांनी मागं वळून पाहिलं. भोरच्या पेठेतलं कुणी नव्हतं. त्यांनी पाणी वरून तोंडात ओतलं.

"आजून आणू का?" बाईनं विचारलं.

"आणा."

उतरताना मामा एवढंच म्हणाले, "पेठेत बोलू नकोस हं."

मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी पेठेतल्या ओट्यावर सगळी गोष्ट हावभावांसकट करून दाखवली, मामांच्या घशाच्या आवाजासकट. मंडळी हसली. मामांचे हक्काचे, सोवळं पाळणारे मतदार हसले नाहीत. मतदानाच्या दिवशी ते घरीच बसले. खोऱ्यातली मतं वकिलाला गेली, वाडीची तेवढी मामांना मिळाली. मामा पडले.

निकालानंतर मी भेटायला गेलो. मामा सुपारी कातरत होते.

"पेठेत कुणी सांगितलं?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, पण जमलं नाही. "मीच."

अडकित्ता थांबला. "किती तांबे प्यालो म्हणून सांगितलंस?"

"पाच."

"दोन होते," मामा म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.