नीलाकाकूंचा डावा हात

सकाळी नीलाकाकूंचा डावा हात कामाला मोकळा नसायचा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग त्या तळहातावर असायचं. उजव्या हाताने बेल वाहत काकू त्याच्याशी बोलायच्या, "शिवा, नळ आज बी आला न्हाई बघ. वरच्या पोरीची परीक्षा हाय, तिच्याकडं ध्यान ठेव." पूजा होईपर्यंत त्या पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत.

वरची पोरगी म्हणजे मी. देवणीजवळच्या खेड्यातून लातूरला मानसशास्त्र शिकायला आलेली, काकूंची भाडेकरू. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच.

दिवाळीला त्यांचा मुलगा महेश पुण्याहून आला. काकूंनी पूजेआधी चहा नको म्हटल्यावर तो म्हणाला, "आई, हा ओसीडी आहे." दुसऱ्या दिवशी त्याने त्यांचं लिंगाशी बोलणं ऐकलं, मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि स्किझोफ्रेनिया ठरवून टाकला.

काकू मला म्हणाल्या, "रोज नवं दुखणं काढायलाय बघ माझ्यात."

आधी त्यांना हसू यायचं. मग त्या चिडल्या की महेश म्हणायचा "मूड स्विंग", गप्प बसल्या की "डिप्रेशन". त्याला आईची काळजी होती, हेही खरं. पण काकूंना नीट वागायला जागाच उरली नाही.

शेवटी महेशने त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही सोबत गेले. त्यांनी विचारलं, "देव तुम्हाला उत्तर देतो का?"

"त्यानं उत्तर दिलं असतं तर मी एवढं कशाला बोलले असते, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले. ही श्रद्धा आहे, आजार नाही, गोळ्या नकोत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रिक्षात महेश म्हणाला, "बाहेरच्यांसमोर ती नीटच वागते. हा आजारच तसा असतो."

मी चाचरत म्हणाले, "दादा, पण काकूंचं कुठलं काम अडतंय का?"

"पहिल्या वर्षाला आहेस ना तू?"

काकू डबी मुठीत धरून बाहेर बघत होत्या.

महेशने काकूंना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घराला कुलूप लागलं, मी हॉस्टेलवर गेले. पुण्याला निघताना काकू म्हणाल्या, "येडी न्हाई म्हणलं तरी येडीच. मग कुणाला काय सांगायचं?"

परवा त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"काकू, पूजा होते का?"

"होते की. पण व्हट न हलवता. तू बोलू नको कुठं."

तेवढ्यात महेशने फोन घेतला. फार दिवसांनी तो मोकळेपणाने बोलत होता.

"आई खूप सुधारली गं. एकटीनेच बोलणं तर अगदी बंद झालंय."